शाफ्टवरचा लाल रंग

१२ जाने., सोम.
ब्लोअरची मोटर सकाळी किंचाळून बंद पडली. बेअरिंग गेलं. जुलैत नवं टाकलेलं. मॅनेजरांचा फोन, कारण काय? तोंडातून निघून गेलं, "ग्रीसिंग नीट झालेलं दिसत नाही." ग्रीसिंग बळीराम म्हात्रेकडे. इथल्याच मोरिवलीचा, कंत्राटी फिटर. तो शेजारीच उभा होता. "साहेब, मोजून भरलंय मी." मी त्याच्याकडे बघितलं नाही. लेखी रिपोर्ट शुक्रवारी पाचपर्यंत.

१३ जाने., मंगळ.
नव्या बेअरिंगसाठी उल्हासनगर. सिंधी दुकानदाराने जुनं कापून ट्यूबखाली धरलं. "साई, ग्रीस का नहीं, करंट का मार है. फिटर को गाली मत देना." आतल्या कडीवर आडव्या रेघा, पन्हळी पत्र्यासारख्या, सारख्या अंतराच्या. वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरच्या शाफ्टवर करंट चढतो, तो अर्थिंगच्या ब्रशने उतरवायचा. नाही उतरला तर बेअरिंगमधून वाट काढतो. पण ब्रश आहे. मीच बसवलाय.

१४ जाने., बुध.
ब्रश उघडला. तंतू लाल रंगात थिजून कडक, शाफ्टपासून केसभर लांब. शाफ्टवरही लाल पट्टा.
ऑक्टोबरातली खंडेनवमी आठवली. पूजेआधी सगळी मशिनं रंगवली. ब्रशवर बळीरामने टेप लावली होती. फोटोत अर्धवट दिसेल म्हणून ती मी काढली, आणि ऑइलपेंटचा हात मीच मारला.
दुपारी त्याने डब्यातला तिळाचा लाडू दिला. "घ्या" एवढंच म्हणाला. पुढचं काही नाही.

१५ जाने., गुरु.
पॉलिश पेपरने शाफ्ट घासत होतो. नवा ब्रश, नवं बेअरिंग. बळीराम मागे येऊन थांबला.
"तवा टेप लावलेली ना मी, साहेब?"
"हं."
"मग ठीक." पाना पुढे केला.
संध्याकाळी मॅनेजर: "म्हात्रेला एक तारखेपासून बंद करतोय. तुमचा रिपोर्ट आला की सही." सांगायचं होतं. "उद्या देतो" म्हणालो. बेलवलीला घरी येईपर्यंत तेच डोक्यात. सव्वीस वर्षं रिपोर्ट लिहितोय, एकही उशिरा दिलेला नाही.

१६ जाने., शुक्र.
कारण: करंट. अर्थिंगच्या ब्रशवर रंग. इथवर लिहायला दहा मिनिटं लागली.
खालचा रकाना, 'जबाबदार व्यक्ती'. जेवणानंतर तिथेच अडकलोय.
नोटीस बोर्डावर पूजेचा फोटो अजून आहे. हार घातलेली लाल मोटर, बाजूला मी, हसरा. कडेला बळीराम, हातात टेपचा रोल.
पावणेपाच. बळीराम नव्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवून, मुठीला कान लावून बसलाय. दारातून दिसतोय. मला हात करतोय, "साहेब, या, तुम्ही पण ऐका."
रकाना कोराच. उठतोय.