केळीच्या खांबातलं गार सूप

अहो,

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. सकाळी बुऱ्हाणपुरातून फोपनारच्या शेतात जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या नवऱ्याला कोण पत्र लिहितं? आज लिहिते आहे, कारण आज मला तुमचं गार सूप जमलं. आणि ते जमायला नको होतं.

तुम्ही होळीनंतर गेलात, तेव्हापासून आईंनी अन्न जवळजवळ सोडलं आहे. तुमच्या आई तुमच्याइतक्याच हट्टी, हे मी का सांगायला हवं? वरणभात नको, खिचडी नको. ऊन तापायला लागल्यावर एक दिवस म्हणाल्या, "बापूचं गार सूप असतं तं घेतलं असतं वं दोन घोट." मला केवढा आनंद झाला! काहीतरी मागितलं तरी!

दुधी उकडून घोटायचा, काकडी किसायची, कैरी, पुदिना, भाजलेलं जिरं, वर पातळ ताक. एवढं ठाऊक होतं. सगळं करून फ्रीजमध्ये ठेवलं. आईंनी चमचाभर घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण बापूसारखं नाही." मग सुरू झालं तुमचं कौतुक. बापू कैरी कशी निवडे, बापू मीठ कसं टाके! बोलता बोलता अर्धी वाटी पोटात गेली.

मग रोज तेच. मी कधी जिरं वाढवायचे, कधी कैरी. आपली लेक चिडायची, "मम्मी, दादीला पसंदच नाही तर क्यों बनवतेस?" तिला काय सांगू? तुमचं काहीतरी माझ्या हातात राहावं, एवढाच लोभ होता.

घरच्या स्वयंपाकघरात तुम्ही ते कधी केलंच नाहीत. सामान शेतावर न्यायचं आणि संध्याकाळी केळीच्या पानाने तोंड बांधलेलं मडकं घेऊन यायचं. शर्टाच्या बाह्या केळीच्या चिकाने काळ्या! तो डाग कपडा फाटला तरी जात नाही, मी किती ओरडायचे. तुम्ही हसून मोकळे. सांगायचंत ना एकदा, मडकं कुठे ठेवता ते!

काल शेतावर गेले. विहिरीजवळच्या निंबाखाली, घड कापून झालेल्या केळीचा खांब उभा चिरून ठेवलेला होता, पार वाळलेला. आतून कोरलेला, आणि मधोमध मडक्याच्या बुडाएवढा खळगा. मी त्या खळग्यात हात घालून बघितला. ओल्या खांबाच्या पोटात मडकं ठेवून, वरून दुसरं फाळकं झाकून तुम्ही सूप गार करत होतात! बाह्या काळ्या होणार नाहीत तर काय?

आज सकाळी मी ताजा खांब चिरला. तुमचंच मडकं त्यात ठेवलं. दुपार उलटल्यावर काढलं, तर सुपाला तो हिरवा, किंचित तुरट वास. तुमच्या शर्टाला यायचा तोच हो!

आईंनी चमचा तोंडात घेतला. माझ्या पदरावरचा चिकाचा डाग त्यांनी बघितला. म्हणाल्या, "मंदा, तसंच झालं वं." मी वेड्यासारखी हसले. मग त्यांनी वाटी सरकवली. "आता नको बनवजो. तो नाही तं हे बनणारच नाही, असं वाटे मला. आता त्याच्याबिगर बी बनते." आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. अजून तशाच आहेत, पाणीसुद्धा घेतलं नाही.

काय करून बसले हो मी? त्यांच्याजवळ तुमची एवढीच जागा उरली होती, तीही मी भरून टाकली. डॉक्टर म्हणतात, वय आहे, फार आशा धरू नका. मी धरतही नाही. तुम्ही येणार नाही आणि आईही राहणार नाहीत, हे मला दिसतं आहे.

तरी एक शब्द देते. उद्यापासून मडकं पुन्हा फ्रीजमध्येच ठेवीन. कधी मीठ कमी घालीन, कधी कैरी जास्त. रोज थोडं चुकवीन. निदान नावं ठेवायला तरी आईंनी वाटी जवळ ओढावी. त्या "बापूसारखं नाही" म्हणाल्या, की मी म्हणेन, "नाहीच जमत हो आई मला."

तुमची,
मंदा