चारही जागी ‘इथंच’

गुरुजी, मागच्या आठवड्यात बीडच्या कचेरीतून आपल्या पाठशाळेला एक उर्दू कागद आला. शिकवणारे किती, ते कुठे शिकले, त्यांनी कोणते ग्रंथ रचले, एवढं भरून मागितलं होतं. मला उर्दू लिहिता येत नाही, म्हणून मुन्शीला बोलावून बसवलं. आम्ही चौघं कुठे शिकलो ते मी सांगत गेलो, आणि त्यानं लेखणी थांबवली. “शास्त्रीबुवा, चारी जागी ‘इथंच’ लिवू का? आन् ग्रंथाचा रकाना कावून रिकामा हाय?” मी म्हटलं, आहे ते लिहा. कान मात्र तापले होते.

तुम्ही मला ठेवून घेतलंत तो दिवस आठवतो. काशीला निघायचं म्हणून मी वळकटी बांधली होती. काकू चुलीपुढे भाकरी थापतायत, तुम्ही पाटावर बसून धापा टाकताय, आणि मला आत बोलावून म्हणता, “बाहेर काय ठिवलंय? सगळं इथंच हाय. उद्यापासून तू शिकीव.” मी वळकटी सोडली. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. पुढे दोनेक वर्षांनी मी स्वतःच्या बुद्धीनं एक पान टीका लिहून तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही ती वाचलीत आणि घडी घालून परत दिलीत. “हे मी सांगितलेलं न्हाई,” एवढंच बोललात. तेव्हापासून मी लिहायला बसतो तेव्हा तुम्ही सांगितलेलंच उतरतं, आणि ते तर इथे सगळ्यांना पाठ आहे. राग येतो, गुरुजी. तुमचा येतो, आणि ते टीकेचं पान घेऊन निमूट मागे फिरलो त्या माझाही येतो.

आज सिरसाळ्याकडचे एक शास्त्री पाचव्या, रिकाम्या जागेसाठी आले होते. काशीत शिकलेले, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी कोपऱ्यात बसून व्याकरणाचा पाठ ऐकला. मुलं नेहमीसारखी एका लांबलचक शब्दाच्या मधोमध थांबली, श्वास घेतला आणि पुढे गेली. ते म्हणाले, “तिथं कावून थांबता, शास्त्रीबुवा? शब्द तुटायलाय. अर्थच फिरतो की.” माझे तिघे सोबती एका सुरात म्हणाले, “आमची परंपरा हाय ती.” मी मुलांना पुढचं म्हणायला लावलं. तुम्हाला दमा होता. गरम पाण्याचा तांब्या घेऊन मी शेजारी बसायचो, आणि नेमकं त्या शब्दाशी तुम्हाला धाप लागायची. या तिघांनी तुम्हाला पाठ म्हणताना कधी ऐकलंच नाही. त्यांना मी शिकवलं, तुमच्या धापेसकट.

मग त्या शास्त्र्यांनी आपली टीका वाचायला दिली. मी चार पानं वाचली आणि पुढे वाचवेना. आयुष्यभर आपल्याला जे प्रश्न पडलेच नाहीत, ते तिथे सरळ मांडले होते. असा माणूस मिळाला तर या मुलांचं भलं होईल, हे मला तिथेच कळलं. तरी मी पोथी परत केली आणि सांगितलं, जागा भरली. ती भरली नव्हती. संध्याकाळी मी माझ्याच एका विद्यार्थ्याला बोलावून ती जागा दिली.

तुम्ही हयात असता तर हे लिहिलं नसतं, आणि आता पाठवायला ठिकाण नाही. एवढंच कबूल करतो की शास्त्री नमस्कार करून निघाले, नदीकडच्या वाटेला लागले, आणि ते दिसेनासे झाल्यावर मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. मला बरं वाटलं, गुरुजी.