डावी भुवई जरा वर

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. (एका हातात पेन आहे, तेव्हा दुसरा हात तू मनातल्या मनात जोडून घे.) इकडे सगळं ठीक आहे. माझे गुडघे, यांची पाठ आणि स्वयंपाकघरातला नळ या तिघांच्या तक्रारी जुन्याच आहेत, त्यांत नवीन भर नाही. तुझी तब्येत आता खरंच बरी आहे ना? डॉक्टर खूश आहेत असं तू फोनवर म्हणालीस, पण डॉक्टर खूश असणं आणि तू खूश असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. औषधांनी गेलेले केस परत यायला लागले, भुवयांनी मात्र अजून मनावर घेतलेलं नाही, आणि तेवढ्यासाठी तू आपल्या एकुलत्या एका भाचीच्या लग्नाला येणार नाहीस. "कपाळ कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होते तेच कळत नाही, असलं तोंड घेऊन फोटोत कुठे उभी राहू," हे तुझेच शब्द. त्यावर मी फोनवर भरपूर बोलले, तू अगदी थोडं बोललीस आणि जिंकलीस. तेव्हा त्या विषयावर या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. हे पत्र फक्त माझ्या तोंडाबद्दल आहे.

नटायला मला तूच शिकवलंस. "वर बघ, श्वास रोख आणि हसू नकोस," असं म्हणत तू माझ्या डोळ्यांत पहिलं काजळ घातलंस, आणि तेवढ्या शिकवणीवर मी आजवर निभावून नेलं. रोज सकाळी बस डेपोत कामाला निघायच्या आधी तेच फाउंडेशन, त्यावर तीच पावडर, डोळ्यांवर काळी रेघ, भुवयांना पेन्सिल आणि ती विटकरी लिपस्टिक. हात आपोआप चालायचा, डोकं भाजीचा विचार करायला मोकळं. घोळ एवढाच झाला की हात जिथल्या तिथे राहिला आणि चेहरा खाली सरकला. हे मला कळायचं काही कारण नव्हतं, कारण चष्मा लावला की काजळाची काडी डोळ्यापर्यंत पोचत नाही, आणि चष्मा काढला की डोळा कुठे आहे ते अंदाजाने ठरवावं लागतं. मी आपली अंदाजाने ठरवत होते. एके दिवशी लेकीने मला खिडकीच्या उजेडात धरून उभं केलं, नाकावर चष्मा चढवला आणि हातात आरसा दिला. ताई, इतकी वर्षं मी कुठे कुठे आणि किती हसले त्याचा नकाशा पावडरीने काढून ठेवला होता. लिपस्टिक ओठांची हद्द ओलांडून बारीक बारीक पायवाटांनी नाकाकडे निघाली होती. डोळ्यांवरच्या रेघेचा छाप पापणीच्या वरच्या घडीवरही उठला होता, म्हणजे एका डोळ्याला दोन रेघा, आणि दोन्ही माझ्याच हातच्या. मी लेकीला म्हटलं, आरसाच खराब असेल. तिने नुसता आरसा पुसून परत दिला.

मग सुधारणा सुरू झाल्या. पावडर बंद. फाउंडेशनचा एक थेंब, तोही बोटाने, तोही क्रीम मुरल्यावर. काळ्या रेघेच्या जागी तपकिरी, तीही पुसट. विटकरी लिपस्टिक कपाटात मागे गेली आणि तिच्या जागी एक फिकट गुलाबी आली, जी लावली आहे की नाही हे लावणारीलाही कळत नाही. (भरपूर लावायचे तेव्हा घाईत उरकायचं. आता कमी लावायचं तर जास्त वेळ लागतो. हा हिशेब मला अजून पटलेला नाही.) असा नवा चेहरा घेऊन मी पहिल्या दिवशी डेपोत गेले, तर सुपरवायझर दारातच थबकले. म्हणाले, "बाई, बरं वाटत नाही का? घरी जा, आराम करा." मी घरी गेले. आपल्या पायांनी चालत आलेल्या रजेला कोण परत पाठवतं?

हळूहळू त्या चेहऱ्याची सवय झाली, मला आणि डेपोलाही. राहता राहिल्या भुवया. वयाबरोबर त्याही विरळ होतात, शेपटाकडून सुरुवात करतात, आणि अर्ध्यातून सोडून दिल्यासारख्या दिसतात. पेन्सिल तर हवी, पण दिसायची बोंब. तेवढ्यात एका सकाळी आमचे पेंटर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मी काढतो." तुला ठाऊकच आहे, या गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या यांच्या हातच्या. आता पाट्या मशीनमधून छापून येतात, त्यामुळे ब्रश बरणीत उभे आणि हे खुर्चीत बसलेले. मला वाटलं, बिचाऱ्यांना विरंगुळा. मी हो म्हटलं, आणि तिथेच फसले.

यांनी मला खिडकीशी स्टुलावर बसवलं, दोऱ्याला निळी पूड चोळली, एक टोक लेकीच्या हातात दिलं आणि काय होतंय ते कळायच्या आत तो दोरा माझ्या कपाळावर ताणून टण्णकन सोडला. पाटीवर अक्षरं एका ओळीत यावीत म्हणून हे असं करतात. कपाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी रेघ. मग करंगळी माझ्या गालावर टेकवून काम सुरू झालं. मी जरा हलले तर म्हणाले, "हलू नकोस. भिंत कधी हलते का?" काढून झाल्यावर हे मागे मागे चालत पार दारापर्यंत गेले, एक डोळा मिटला आणि समाधानाने म्हणाले, "छान वाचता येतंय." मी चष्मा लावून पाहिलं. दोन्ही भुवयांना काळीकुळकुळीत बॉर्डर होती आणि खालच्या बाजूने सावली दिली होती, रस्त्याच्या पलीकडून उठून दिसावं म्हणून. लेक हसून हसून जमिनीवर बसली. ती निळी रेघ साबणाला दाद देईना, म्हणून मी त्या दिवशी डेपोत कपाळाला पट्टी बांधून गेले आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. (संध्याकाळी खरंच दुखलं.)

पण माणूस कारागीर आहे, हे मान्य केलं पाहिजे. बॉर्डर गेली, सावली गेली. सगळ्यांत बारीक ब्रश घेऊन हे एकेक केस काढायला लागले, आणि असा की मलाच तो उपटून बघावासा वाटे. फक्त एक खोड राहिली. उजवी भुवई जिथल्या तिथे आणि डावी जरा वर. मी म्हटलं, वाकडी आहे. हे म्हणाले, "असू दे, सराव चालू आहे." दुसऱ्या दिवशी डावी आणखी वर. माझी बस चुकत होती, मी तशीच निघाले.

आता माझी जागा म्हणजे डेपोतली हरवलेल्या वस्तूंची खिडकी. तिथे एक गृहस्थ आले आणि काळ्या छत्रीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही माझी." मी छत्रीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. ते जरा घुटमळले. "म्हणजे, माझी असावी." मी काहीच बोलले नाही, कारण गॅस बंद केला होता का ते आठवत होते. "मेहुण्याचीही असू शकेल." मी अजून गॅसच आठवत होते. शेवटी ते खाली बघत म्हणाले, "माझी घरी आहे," आणि निघून गेले. पाठोपाठ एक बाई डबा न्यायला आली, तिने न विचारता डब्यात काय होतं ते मिठासकट सांगितलं. सुपरवायझर मला शनिवारी उशिरापर्यंत थांबायला सांगायला आले होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे, मी बघतो." ताई, आयुष्यात माझं इतकं कुणी ऐकलेलं नाही. तरी घरी येऊन मी यांच्याशी भांडलेच. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं, लग्नात काय मी सगळ्या पाहुण्यांवर संशय घेत फिरू? जो माणूस भिंतीवरचं कॅलेंडरही दोरा लावून सरळ करतो, त्याला बायकोच्या दोन भुवया एका ओळीत आणता येऊ नयेत? हे ब्रश पुसत बसले. मी पानं घेतली. 

असो. नळ टपकतोय, तो बघायला उठते. औषधं वेळेवर घे, आणि मेहनतीचं काही करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. – त्या विषयावर पत्रात अक्षर लिहिणार नाही असं मी म्हटलं होतं. पत्र वर संपलं, तेव्हा हे त्यात धरू नकोस. जेवण झाल्यावर यांनी तोंड उघडलं. म्हणाले, "ती भुवई तुझी नाहीच. ताईंची आहे." तुझा फोन ठेवल्यावर मी यांच्याजवळ रडले होते, तेव्हा हे नुसते ऐकत होते, आणि दुसऱ्या सकाळी चहाचा कप खाली ठेवून "मी काढतो" म्हणाले होते. माझ्या तोंडावर तुझा सराव चालला होता. मी विचारलं, मग वाकडी का? तर म्हणाले, "त्यांची डावी वरच असते. लग्नाआधी तुमच्या दुकानाची पाटी रंगवायला आलो होतो आणि तुझ्यापायी माझं काम संपेचना, तेव्हा दारात उभं राहून त्यांनी ती वर केली, ती अजून खाली आणलेली नाही. मला पाठ आहे, फोटोबिटो नको. सरळ काढली तर त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असं वाटेल, आणि लोक विचारतील, ही बाई कोण?"

मग मी चष्मा लावून आरशासमोर नीट उभी राहिले. नाक माझं, सुरकुत्या माझ्या, पण वर तू होतीस, आणि मला विचारत होतीस, "खरंच का गं?" मला रडू आलं. भुवई फिसकटली आणि यांना ती पुन्हा काढावी लागली. ताई, तू नसलेला फोटो मला नको आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी ये. स्टूल खिडकीशी ठेवून दिलं आहे.

आणखी एक – निळ्या पुडीचा दोरा मी लपवला आहे, त्याची काळजी नको. पण फोटोग्राफर लांब उभा राहणार, तेव्हा थोडी सावली दिलीच पाहिजे, असं यांच्या डोक्यात परत घोळायला लागलं आहे. तू वाद घालू नकोस. आल्या आल्या फक्त एकदा यांच्याकडे बघ. तुला भुवया असोत नसोत, यांना ती वर गेलेली डावी दिसते.