बॅरलच्या तोंडावरचा गंज

शनिवार, २७ नोव्हेंबर २००४, बर्मिंगहॅम

महिनाभर रायफलचा नेम चुकतोय. आज बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथने बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, तोंडावर बोट ठेवून विचारलं, "डॉक्टर, इथे हा गंज कसला?" दसऱ्याच्या पूजेत मीच तिथे ओलं कुंकू लावलं, आणि कुंकू पुसू नये म्हणून तशीच कपाटात ठेवली.

आणि नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांदेखत मी काय बोललो? की आपल्यातल्याच पीटरने माझी रायफल रेंजवर वापरायला घेतली आणि तिची वाट लावली. तेव्हापासून तो येत नाही.

गनस्मिथ म्हणतो, गंजलेला इंचभर भाग कापला तरी भागेल. कापून घ्यावी? मग आखूड बॅरल बघून सगळे विचारतील, आणि कुंकवाचं सांगावं लागेल. नवी बॅरल बसवली की जुनी पीटरनेच बिघडवली, हे आपोआप ठरतं.

नवीच बसवायला सांगून आलो.