मरियाचा बोरांचा चहा

२ ऑक्टोबर १९४६, बुधवार

दोन कप! गोजरबाईनं दुधाचं माप ओतता ओतता सांगितलं. "मास्तर काल सांच्याला नर्सबाईच्या वट्ट्यावर बसल्यालं हुतं. च्या पेत हुतं. येक पेलं, मग दुसरा मागून घेतला." आणि वर माझ्याकडे बघून, "मला काय, मी आपलं दिसलं ते सांगितलं."

मागून घेतला. माझ्याकडे गेल्या चार महिन्यांत यांनी दुसरा कप मागितलेला मला आठवत नाही.

संध्याकाळी विचारलं, काल उशीर का झाला? म्हणाले, "दवाखान्यात गेलो होतो. तापानंतरची तपासणी." चहाचं नाव नाही. मीही काढलं नाही. बघू कधी काढतात ते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

काढलं नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

आज नर्सबाईचा, मरियाचा चहा प्याले. चर्चमधून निघताना ती आडवी आली. "ताई, या ना घोटभर." नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

नगरच्या दवाखान्यात हे जूनमध्ये तापानं एकवीस दिवस पडून होते तेव्हा हीच शुश्रूषेला होती. तेव्हा मी तिचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. आता सप्टेंबरात तिची बदली इथं सोनईला झाली आणि मला तिच्या चपलांचा आवाजसुद्धा सहन होत नाही. देवा, क्षमा कर. पण होत नाही, ते खरं.

तर चहा. दूध नाही! लाल पाणी. वाळलेली बोरं ठेचून उकळवते, त्यात मोसंबीच्या वाळवलेल्या साली, चिमूटभर चहापूड, गुळाचा खडा, आणि उतरवल्यावर अर्धं लिंबू. पहिला घोट घेतला तर जिभेच्या दोन्ही बाजू आवळल्या. मग बोरांचा गोडवा मागून आला. मग सालीचा कडवटपणा, अगदी शेवटी, नकळत.

चांगला होता. हे मी इथेच लिहिते आहे, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. तिला म्हटलं, "तापकऱ्याला बरा आहे." तिनं मान डोलावली. तिला हसू आलं नाही याचाच मला राग आला.

९ ऑक्टोबर, बुधवार

माझा चहा काय आहे हे एकदा लिहूनच ठेवते.

गवती चहाची चार पाती, गाठ मारून. आलं अगदी थोडं, ठेचून नाही, चिरून. ठेचलं की चहा तिखट होतो आणि बाकी सगळं मारतं. तुळशीची तीन पानं. दालचिनीचा नखाएवढा तुकडा. आणि वेलदोडा सालासकट कुटून, पण तो दूध घातल्यावर, झाकण ठेवण्याआधी. आधी घातला तर सगळा वाफेबरोबर जातो. चर्चच्या पाळकीणबाई सुंठ-मिरी ओततात आणि त्याला मसाल्याचा चहा म्हणतात. तो काढा आहे.

हे मला बघायला आले तेव्हा ओसरीवर बसले होते आणि मी आत होते. कप बाहेर गेला नव्हता. तिथूनच माझ्या वडिलांना, आण्णांना म्हणाले, "गवती चहा घातलाय. आणि वेलदोडा शेवटी." आण्णा जन्मभर ती गोष्ट सांगत राहिले. मीही सांगते. बायकांच्या सभेत, विहिरीवर, पाहुण्यांना— "यांनी मला नाही, माझ्या चहाला पसंत केलं." अकरा वर्षं झाली. सगळ्या सोनईला पाठ आहे.

आता रोज सकाळी कप नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "आज वेलदोडा छान उतरलाय, दीना." रोज तेच. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी म्हणायचे, आज दालचिनी जुनी वाटते, आज पाती कालची आहेत का? कधी भांडायचे सुद्धा. आता वर्गातल्या पोरानं वचन म्हणावं तसं एकच वाक्य म्हणायचं, कप रिकामा करायचा आणि उठायचं. मन असलं की माणूस भांडतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार

फळांचा चहा काय तिलाच करता येतो?

पहिला: मोसंबीच्या ओल्या सालीचा. कडू जहर. साल वाळवायची असते, हे ओतून दिल्यावर आठवलं.

दुसरा: डाळिंबाच्या दाण्यांचा. रंग सुरेख, चव कशाचीच नाही.

तिसरा: चिंच. आणि हात सवयीनं दुधाकडे गेला! चहा पातेल्यातच फाटला. पाण्यात पांढऱ्या गाठी तरंगायला लागल्या. त्याच वेळी हे आत आले. पातेल्यात डोकावून म्हणाले, "पनीर करतेस का?" हसले. किती दिवसांनी हसले. मी पातेलं उचललं आणि परसात उपडं केलं.

पावशेर दूध गेलं. गोजरबाईला मांजर पिऊन गेलं म्हणून सांगितलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज खात्री पटली.

दूध चुलीवर ठेवून मी वाळवण उचलायला बाहेर गेले. हे चुलीपासून दोन हातांवर, चुलीकडे पाठ करून वह्या तपासत बसले होते. फाटकापाशी आले तर करपल्याचा वास रस्त्यापर्यंत! धावत आत आले. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचा तळ काळा ठिक्कर. आणि हे लाल शाईनं शुद्धलेखन सुधारत बसलेले.

"अहो, दूध!"

वळून बघितलं. चेहरा असा पांढरा पडला की मला क्षणभर यांचीच काळजी वाटली. म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

लक्ष कुठं होतं ते मला विचारा. रस्त्यापर्यंत वास येतो आणि चुलीजवळच्या माणसाला येत नाही, एवढं कुणाच्या विचारात बुडायचं? राखेनं पातेलं घासत बसले. रडले. पातेलं अजून काळंच आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

कापणीचा सण सतरा नोव्हेंबरला ठरला. लोक बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या घेऊन चर्चमध्ये येतात आणि उपासनेनंतर सगळ्यांना चहा. आठ वर्षं तो चहा माझा. कुणी ठरवलेला नाही, पण माझाच.

आज बायकांच्या सभेत पाळकीणबाईंनी काढलं— साखरेचं रेशन, दुधाची मारामार, यंदा दुसरा कुठला चहा करावा का? मग कुणीतरी मरियाच्या चहाचं नाव घेतलं. दूध नको, साखर नको. मरिया म्हणाली, "नको, दीनाताईंचाच असू द्या." मोठी आली मला दान करणारी! मी म्हटलं, "करून बघू या. चाखायला कुणीतरी बसवा. ज्याचा चांगला, त्याचा चहा."

चाखायला कोण? सगळ्या एकदमच म्हणाल्या, "मास्तर." सोनईत यांच्या जिभेसारखी जीभ नाही.

मीही हो म्हटलं. डोळे बांधा, असंही मीच म्हटलं. मला माझा चहा माहीत आहे. आणि यांना तो माहीत आहे, बाकी काहीही असो.

हे घरी आल्यावर सांगितलं. टोपी काढून खुंटीला लावली. मग, "दुसरं कुणी नाही का?"

"का? अडचण आहे?"

"नाही."

२६ ऑक्टोबर, शनिवार

लिहायला हात उठत नाही. लिहिते.

शाळेत, चौथीच्या वर्गात. यांचे डोळे पाळकसाहेबांच्या उपरण्यानं बांधले. तीन कप. पहिला पाळकीणबाईंचा, त्यांनीही हौसेनं आणलेला सुंठ-मिरीचा काढा. हे एक घोट प्याले, ठसका लागला, आणि मग तोंडभर हसून म्हणाले—

"हा आमच्या घरचा. आल्यावरून ओळखला."

सगळा वर्ग हसला. पाळकीणबाई तर खूश!

दुसरा माझा. पहाटे उठून पाती तोडली होती. वेलदोडे नगरहून मागवलेले. हे प्याले. पुन्हा प्याले. कप हातात फिरवला. म्हणाले, "हा... ठीक आहे. साधाच आहे. कुणाचा?"

साधाच आहे.

तिसरा मरियाचा. घोट घेतला आणि ताठ बसले. सगळा कप संपवला. तळाची बोरंसुद्धा बोटानं काढून खाल्ली, सगळ्यांसमोर. "हा," म्हणाले. एवढंच. "हा."

उपरणं सोडलं तेव्हा पहिलं माझ्याकडे बघितलं. मी नजर फिरवली, ती मरियावर गेली. ती रडत होती. जिंकल्यावर कोण रडतं? ज्याच्या मनात चोर असतो ते.

येताना रस्त्यात म्हणाले, "दीना, चुकलं माझं." मी चार पावलं पुढं चालत राहिले.

२७ ऑक्टोबर, रविवार

डोकं दुखतं म्हणून चर्चला गेले नाही. डोकं दुखत नव्हतं.

३० ऑक्टोबर, बुधवार

मरिया आली होती. हे शाळेत होते, ते बघूनच आली असणार. दारातच उभी राहिली. मी बस म्हटलं नाही. हातात बोरांची पुरचुंडी.

"ताई, ही ठेवा. मास्तरांना आंबट देत जा."

मी म्हटलं, "माझ्या घरात कुणाला काय द्यायचं ते मला कळतं."

"कळतं हो. पण... मला शपथ घातली आहे. मी एवढंच सांगू शकते. आंबट द्या त्यांना."

शपथ! आता यांच्यात शपथाही आहेत! पुरचुंडी उंबऱ्यावर ठेवून गेली. तासाभरानं गोजरबाई शेळी घेऊन आली तेव्हा मी ती पुरचुंडी शेळीपुढे सोडली. एकेक बोर शेळीनं बिया थुंकत खाल्लं. गोजरबाई म्हणाली, "अवो बाई, चांगली बोरं हायेत की! मानसाला द्यावी." मी म्हटलं, माणसांना मानवत नाहीत.

बरं वाटलं. तासभर बरं वाटलं.

२ नोव्हेंबर, शनिवार

विचारलं. शेवटी विचारलं. भाकरी वाढता वाढता. "तिच्याकडे काय आहे जे इथं नाही?"

हे घास हातात धरून बसले. "तिच्या चहाची चव लागते मला."

"आणि माझ्या?"

"तुझा चहा मी रोज पितो, दीना."

"ते विचारलं नाही मी."

घास ताटात ठेवला. उठून हात धुतले आणि ओसरीवर जाऊन बसले. यांना खोटं बोलायला जमत नाही म्हणून गप्प बसले, हे मला समजतं. खोटं बोलले असते तर मी आज तेही घेतलं असतं.

ठरवलं. कापणीच्या सणाला चहा तिनंच करावा, मी कपसुद्धा विसळणार नाही. आणि सोमवारपासून घरात मसाला बंद. पाणी, पूड, दूध, गूळ. पाळकीणबाईंच्या हातचा आणि माझ्या हातचा ज्याला सारखाच, त्याच्यासाठी पहाटे पाती कोण तोडणार? वेलदोड्याचा डबा वरच्या फळीवर, भोपळ्यामागे टाकला. बघू या म्हणतात का काही. म्हणू देत. भांडू देत. मला भांडणच हवं आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार

चहात काही घातलं नाही. नुसतं उकळलेलं पाणी, पूड, दूध. कप पुढं ठेवला आणि मुद्दाम समोर बसले.

यांनी कप उचलला. नाकाशी धरला. डोळे मिटले. रोज मिटतात तसेच.

"आज वेलदोडा छान उतरलाय, दीना."

डबा वर, भोपळ्यामागे.

मी तोंडाकडे बघत राहिले. करपलेलं दूध आठवलं. उपरणं बांधलेला चेहरा आठवला. आंबट द्या त्यांना. जूनच्या तापापासून यांना वास येत नाही. एकही वास नाही, जिभेला कळतं ते आंबटच. आणि जूनपासून रोज सकाळी, न चुकता, हे वाक्य.

म्हटलं, "हो. आज जरा जास्तच घातलाय."

हे शाळेत गेलेत. मरियाकडे जाते. बोरं मागायची आहेत.