विहीणबाईंची मोटार वाळूतून

माघ शु. ७, सोमवार
आधी आली ती शेजारची गंगू. आमच्या चुलीवर काय हाय ते हिला भिंतीपलीकडनं कळतं, मग मोटार तर काय. "काकी, तुमच्या यमुनीची सासू आली की! नदीत हायेत, हुड उघडं टाकून बसल्यात!" मी घेतला भाकरतुकडा, घेतला तांब्या, आन् पळाले. विहीण पहिल्यांदा येतीया, दारात येईस्तवर दम कुणाला. वाळूचं टेकाड उतरून खळग्यात मोटारीपुढं हात पसरून उभी राहिले. शंकररावांनी, म्हणजे नातजावयांनी, मोटार थांबवली. ओवाळलं, तुकडा टाकला, चाकावर पाणी घातलं. झालं. थांबली ती थांबलीच. चाकं गरगर फिरतात आन् मोटार खाली खाली. एका अंगाला कलली. विहीणबाई उतरताना पडता पडता वाचल्या. शेवटी बैल जोडून पलीकडच्या काठाला वढून नेली. च्या बी घेतला न्हाय.
जाताना म्हणाल्या, "असल्या वाळूतनं पोटुशी सून धाडू मी? बाळंतपण आमच्याकडंच करू."
यमुनेची आई, माझी सून, वारली तवापासून यमुना माझ्याच कुशीत वाढलेली. पहिलं बाळंतपण आजीकडं न्हाय तर कुटं?

माघ शु. ८, मंगळवार
बाबू (माझा लेक, यमुनेचा बाप) सकाळपासनं हसतोय. "आई, नदीच्या मधोमध मोटारीला ओवाळणारी तूच पहिली." म्हटलं, हस बाबा. यमुनेला बैलगाडीत घालून आणायची म्हटलं तर मागच्या खेपेला गाडीच्या हिसक्यानंच तिचं पोटातलं मूल गेलं. परत तो धोका नको. पूल न्हाय, दुसरी वाट न्हाय. मोटारच पायजे, आन् मोटार वाळूला भ्यालेली.
गवारीच्या शेंगा निबर निघाल्या. जेवण गोड लागलं न्हाय.

माघ शु. ११, शुक्रवार
शंकरराव एकटेच, चालत नदी ओलांडून आले. जोडे हातात. उपास सगळ्यांना, म्हणून भगर टाकली. आपणहून म्हणाले, "आजी, तुमी हात पसरलेत आन् मी घाबरून ब्रेक दाबला. वाळूत ब्रेक दाबायचाच न्हाय. आन् रुतल्यावर चाक फिरवत बसलो, ती तर लईच मोठी चूक."
मोटार मार्शल लॉच्या, म्हणजे गोऱ्यांनी लष्कराचा अंमल लावला त्या, साली घेतलेली, पण आजवर सडकेवरच फिरवली. आता रिकामी मोटार वाळूत शिकवणार म्हणतात. मोटारीला का स्वतःला, ते विचारलं न्हाय. चाकातली निम्मी हवा सोडायची म्हणे, म्हणजे चाक पसरतं आन् वाळूवर बसतं. मी म्हटलं, उंटाचा पाय! गड्ड्याच्या जत्रेत पाहिला होता, भाकरीएवढा. शंकरराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरोबर तसंच, आजी!" मला लई बरं वाटलं. भगर आणखी वाढली.

माघ पौर्णिमा, मंगळवार
उन्हाच्या आधी गेलो. गारव्यानं वाळू आवळलेली असती, ऊन चढलं की पिठासारखी. शंकरराव आन् बाबू काठ्या घेऊन पुढं चालले. काठी आत गेली की ती वाट सोडायची. टेकाडाच्या माथ्यावर गेले आन् दोघं तितंच थांबले. पलीकडची बाजू पुरानं कापलेली, पुरुषभर कडा. न बघता मोटार आली असती तर नाकावर पडली असती.
मग दुसरी उतरण हेरली. शंकररावांनी मोटार तिरपी चढवली. माझ्या डोळ्यांदेखत एका बाजूची चाकं उचलली! बाबू कलत्या बाजूला हात लावायला पळत होता, त्याला मी वरडून लांब केलं. शंकररावांनी तोंड उताराकडं सोडलं आन् सरळ खाली आले. घामानं सदरा चिंब. "चढायचं सरळ, उतरायचं सरळ. वळायचं ते सपाटीवर." दुसऱ्या खेपेला सरळ गेली, न थांबता. मी टाळ्या वाजवल्या.
माथ्यावर कुणीतरी उभं पायजे, पलीकडं मोकळं हाय का ते सांगायला. बाबू म्हणाला मी राहतो. म्हटलं, तुझं मळकं धोतर वाळूतच मिसळतं. माझं तांबडं लुगडं नदीच्या दोन्ही काठांवरनं दिसतं. मी राहणार.

माघ व. ३, शुक्रवार
निरोप आला. विहीणबाई म्हणतात, आधी मी एकटी बसते. मधी पाय वाळूला न लावता पोचले तर सून धाडते, न्हायतर इषय संपला. गंगू म्हणती, "काकी, त्यांच्या वजनाला चाकात हवा जास्ती ठेवा." मेली. पण मला हसू आलं.

माघ व. ५, रविवार
जमलं! जमलं! घाईत लिहितीया, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.
मी माथ्यावर. पदर वर केला, मोटार निघाली. नदीच्या पाण्याच्या बारीक धारेपाशी आली आन् विहीणबाई मागनं वरडल्या, "शंकर, थांब! नदीला खण-नारळ द्यायचाय!" मी दोन आठवड्यांमागं केलं तेच ह्या करायला निघाल्या. शंकरराव मागं न बघता, "आई, थांबलो की रुतलो. बसल्या जागेवरनं टाक!" बाईनं नारळ भिरकावला, धारेत पडला, खण वाऱ्यानं मडगार्डाला अडकला. तसाच फडफडत मोटार टेकाड चढली. सरळ. मी बाजूला झाले, वाटेत न्हाय! माथ्यावर नेम धरून खाली, आन् थेट चिंचेखालच्या टणक जमिनीवर.
तितं भाकरतुकडा तयार ठेवला होता. ओवाळलं. विहीणबाई उतरल्या, पदर झटकला, म्हणाल्या, "पाय लागला का वाळूला?" म्हटलं, "न्हाय लागला." "मग च्या ठेवा की." दोन कप प्याल्या. पुरणपोळ्या कितीतरी खाल्ल्या. बाबू पंपानं हवा भरतोय, तोंड लालबुंद.

माघ व. ६, सोमवार
पाहुणे पहाटेच गेले, चाकातली हवा परत सोडून, वाळू गार हाय तोवर. तो खण मडगार्डावरनं सोडवून विहीणबाईंनी मलाच दिला. "यमुनेच्या बाळाला टोपडं शिवा," म्हणाल्या. बाई तशी तोंडाळ, पण मनानं...
दुपारपासनं वारा लई सुटलाय. ओसरीतनं टेकाड बघितलं, माथा सरकल्यागत वाटतो. बाबूला म्हटलं, यमुना यायच्या आदल्या दिवशी काठी घेऊन सगळी वाट परत चालून ये, मागची वाट धरायची न्हाय. तांबडं लुगडं धुतलं, दोरीवर हाय.
यमुनेला घेऊन येतो म्हणालेत, फाल्गुन शु. ५, सोमवार.