भिंगरीची जागा आणि माझी निरक्षरता

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या भावाचा, कमरेतून जेवढं वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण आठही अंगं एकदम जमिनीला टेकवायचं धाडस सध्या होत नाही. टेकवली तर परत उचलायची कोणी, हा प्रश्न. कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा काय म्हणतो? आणि भावोजींचा खोकला? की ते अजूनही औषध खिडकीतल्या कुंडीत ओतून "घेतलं" म्हणून सांगतात? त्या रोपट्याची प्रकृती उत्तम असेल याची मला खात्री आहे. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत, म्हणजे तुझं पत्र येईपर्यंत होतो.

भावोजी ज्या बॅडमिंटन अकादमीच्या कमिटीवर आहेत तिथे तू आपल्या भिंगरीसाठी वसतिगृहात जागा मिळवलीस, याबद्दल तुझे उपकार कसे मानावेत ते कळत नाही. (खरंच कळत नाही. घरात यावर बरीच चर्चा झाली.) पहाटे उठल्यापासून दिवे मालवेपर्यंत बॅडमिंटन, मधल्या वेळात शाळा, आणि घरी फक्त मोठ्या सुट्टीत. या महिनाअखेर हो की नाही ते कळवा, असं तू लिहिलंस. चिरंजीवांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. सूनबाईने न वाचताच सरकवलं. तुला नाही म्हणायची या घरात कोणाची टाप नाही, आणि हो म्हणायला गेलं की सूनबाई, शेवटी पोरीची आई, उठून स्वयंपाकघरात निघून जाते. पोर जेमतेम दहा वर्षांची आहे. तेव्हा घरातला रिकामा माणूस म्हणून उत्तर द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आधी हे सांगतो की मी पूर्णपणे तुझ्या बाजूचा होतो. लहान वयात एकच गोष्ट घट्ट धरली की माणूस कुठल्या कुठे जातो, हे तुझं म्हणणं मला शब्दशः पटलं होतं. मीही जन्मभर छापखान्यात बसून मुद्रितं तपासण्यापलीकडे काही केलं नाही, आणि बघ कुठल्या कुठे गेलो, तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर. (सवय मात्र जात नाही. तुझ्या पत्रातल्या वेलांट्या मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत. तू मुख्याध्यापिका होतीस म्हणून किती ते सांगत नाही.) आता भिंगरीने गेल्या वर्षी लहान गटाचा चषक आणल्यापासून मी बिल्डिंगमध्ये जरा छाती काढूनच चालत होतो. अशात सूनबाईने काय केलं, तर पोरीचा बॅडमिंटनचा सराव अर्ध्यावर आणला आणि उरलेल्या वेळेत तिला एका वेगळ्याच वर्गात घातलं. वर्गाचं नाव, शारीरिक साक्षरता वर्ग.

मी ते नाव प्रथम फाटकावरच्या पाटीवर वाचलं आणि मला वाटलं, चूक आहे. एकीकडची "शारीरिक शिक्षण" आणि दुसरीकडची "प्रौढ साक्षरता" अशा दोन पाट्यांची रंगाऱ्याने खिचडी केली असणार. माझ्या हयातीत अशा कितीतरी खिचड्या मी निस्तरल्या आहेत. मग रात्री पडल्या पडल्या लख्ख प्रकाश पडला, की ही साक्षरता म्हणजे शरीराच्या अवयवांची नावं नीट लिहिता येणं. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी भिंगरीला समोर बसवून पोटरी, घोटा, नडगी, खुबा अशी सगळी उजळणी करून घेतली, ऱ्हस्व-दीर्घासकट. तिने निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, त्यांची नावं नाही लिहायची. त्यांच्याकडून लिहून घ्यायचं." मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली. आजोबांना तेवढं करावंच लागतं.

शेवटी तुला उत्तर देण्याआधी हे काय थोतांड आहे ते एकदा डोळ्यांनी बघावं, आणि जमल्यास पोरीला तिथून उचलून आणावं, म्हणून मी तिच्या मागे मागे गेलो. गॅरेजांच्या गल्लीत एक जुनं गोदाम आहे, पोत्यांचा वास अजून भिंतींना आहे. आत जमिनीवर खडूच्या रेघा, कडेला जुने टायर, निळ्या गाद्या, आणि धोब्याकडे असते तसली एक मोठी टोपली. टोपलीत चेंडू, रबरी, लोकरीचे, स्पंजचे, आणि एक तर कुठेही उसळावा असा वेडावाकडा. शिकवणारी बाई तरुण आहे. गळ्यात शिट्टी असते पण ती कधी फुंकत नाही, म्हणून मुलं तिला शिट्टीबाई म्हणतात. (का फुंकत नाहीस असं मी नंतर विचारलं. म्हणाली, फुंकली की सगळे थांबतात, आणि मुलं थांबू नयेत म्हणून तर सगळी धडपड आहे.)

अक्का, मी दाराशी एका टायरवर बसलो आणि तासभर माझं तोंड उघडंच राहिलं असावं. पोरं पुढे पळत होती, मागे पळत होती, पळता पळता तिरकी वळत होती. एका पायावर उड्या मारत भिंतीपर्यंत जायचं आणि पाय बदलून परत यायचं. चेंडू उजव्या हाताने फेकायचा, मग डाव्या. कोणाचा पहिला नंबर नाही, कोणाचा शेवटचा नाही. भिंगरीने डाव्या हाताने चेंडू फेकला तो तिच्याच मागे जाऊन पडला. आपली चषक आणणारी पोर! आणि ती हसली. इतकी हसली की खाली बसली. बॅडमिंटनच्या स्पर्धेत तिचं शटल रेषेबाहेर गेलं की ती पहिल्यांदा काय करते ते तू पाहिलं आहेस? आपण बसलेले असतो तिकडे बघते. आपली तोंडं तपासते. इथे मी समोर बसलो होतो, पण तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला आधी वाईट वाटलं, आणि मग पोटातून इतकं बरं वाटलं की काय सांगू.

नंतर पडायचा तास झाला. हो, बरोबर वाचलंस, पडायचा. आपल्या घराण्यात "पडशील" हा शब्द "जेवलीस का" इतक्याच वेळा म्हटला जातो. आईने आपल्याला म्हटला, आपण पुढच्या पिढीला म्हटला, आणि त्याचा अर्थ नेहमी "नको करूस" असाच होता. इथे ती बाई म्हणते, पडणार तर आहातच, मग नीट पडा. आणि ती एवढी एवढीशी पोरं धावत येऊन खांद्यावरून अशी घरंगळत जात होती, जशी गुंडाळलेली चटई कोणी ढकलावी, आणि पलीकडे तडक उभी. आवाज नाही, रडं नाही. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, हे कोणी आपल्याला का नाही सांगितलं?

हे मी मोठ्याने बोललो असणार. कारण शिट्टीबाईने मला बोलावलं आणि म्हणाली, काका, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायातल्या बुटाची नाडी बांधून दाखवाल? आता, अक्का, मी पँट घालतानासुद्धा पलंगावर बसतो. पण पोरांसमोर मागे कसं हटणार? मी पाय उचलला. नाडी हातात आली. गोदामाचं छत जरा फिरल्यासारखं वाटलं आणि मी गादीवर आडवा होतो. (लागलं काही नाही. कंबर अधूनमधून आठवण करून देते, एवढंच.) उठायचा प्रयत्न केला तर हात सापडेना, पाय सापडेना. सगळे अवयव होते, त्यांची नावं मला शुद्ध येत होती, पण एकही माझं ऐकायला तयार नव्हता. तेव्हा मला कळलं की मी ठार निरक्षर आहे.

मला वाटलं आता मला उचलतील. कोणी उचललं नाही. भिंगरी आली आणि सरळ माझ्या शेजारी गादीवर उताणी झोपली. म्हणाली, "माझं बघा आणि तसंच करा." आधी कुशीवर, मग कोपर, मग तळहात, मग गुडघा, मग दुसरा पाय पुढे. ती एक एक करत होती, माझी वाट बघत होती, घाई नाही, हसणं नाही. मी उभा राहिलो, अक्का. शाब्बास म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आता दुसऱ्या कुशीवरून." दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर आपलं अंग आपल्याला कळतं याची जी निवांत खात्री होती, ती मी सत्तरीला आलो तरी मला माझ्याबद्दल कधी वाटली नाही. मला तिचा हेवा वाटला, आणि थोडं रडूही आलं. (घाम आहे असं सांगितलं.)

मग मी शिट्टीबाईला तुझ्या जागेबद्दल सांगितलं. मला वाटलं ती तुझ्या अकादमीला नावं ठेवील. तसं काही नाही. बॅडमिंटन फार सुंदर खेळ आहे म्हणाली. फक्त, धावणं, उडी, फेकणं, झेलणं, तोल, पोहणं ही मुळाक्षरं. ती आली की मूल पुढे वाटेल ते वाचू शकतं. याच वयात एकाच खेळाला जुंपलं तर ते एकच निबंध घोकून पाठ केल्यासारखं. परीक्षेत तोच आला तर पहिला नंबर. पण तोच खांदा, तीच टाच रोज झिजते, आणि एकदा का पोरीने रॅकेट खाली ठेवली की ती पुन्हा कुठलाच खेळ हातात धरत नाही. अशी पोरं तिच्याकडे येतात म्हणे, आणि त्यांना पुन्हा नुसतं पळायला लावायला फार दिवस लागतात.

तिथे एक लंबू नावाची मुलगी आहे, तेरा-चौदाची. वर्षात अशी काही ताडमाड वाढली की चालताना स्वतःच्याच पायात अडकते. मी असतो तर धांदरट म्हणून मोकळा झालो असतो. पण बाई म्हणाली, हाडं पुढे पळाली आहेत, बाकीचं अंग मागून येतंय, येईपर्यंत हिला उड्या कमी आणि धीर जास्त. दाराच्या चौकटीवर सगळ्यांच्या उंचीच्या खुणा आहेत. कोण किती उंच याला तिथे महत्त्व नाही. कोण आत्ता वेगाने वाढतंय ते कळावं आणि त्याला जपावं, एवढ्यासाठी त्या आहेत. वाढणाऱ्या मुलाची इतकी काळजीपूर्वक वाट बघणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.

तर अक्का, हे असं सगळं आहे. तू शहाणी आहेस, वाचून काय ते समजशील. भावोजींना नमस्कार. कुंडीलाही.

तुझा,
धाकटा

ता. क. सूनबाईने पत्र वाचलं. ती म्हणते यात उत्तर नाही. अक्का, उत्तर "नाही" हेच आहे. पोर या वर्षी येत नाही. आता खरं काम सांगतो. हे भावोजींना तू सांग, आणि निर्णय तुझाच आहे असं सांग. मी सांगितलं तर ते माझ्याशी बोलणं सोडतील, तू सांगितलंस तर नुसतं खोकतील.

ता. क. २. भावोजींचे कॅनव्हासचे बूट नुसते पडून असतील तर पाठवून दे. आमचा पाय एकाच मापाचा. सोमवारपासून मीही जातो आहे, मोठ्यांच्या तुकडीत. तुकडीत सध्या मी एकटाच आहे.

ता. क. ३. अक्काआजी, मी भिंगरी. आजोबांनी पत्र मला पाकिटात घालायला दिलं, मी आधी वाचलं. सगळ्यांनी सगळं ठरवलं पण मला कोणी विचारलंच नाही. मला बॅडमिंटन सगळ्यात जास्त आवडतं आणि मला तुझ्या अकादमीत यायचं आहे. पण आत्ता नाही. मला झाडावर चढता येतं पण उतरता येत नाही, आणि पाण्यात डोकं घातलं की मी घाबरते. ते दोन्ही आलं की मी येते. जागा ठेव. नाही ठेवलीस तरी मी येणार आहे.